मोटारीची पडवी

चैत्र संपत आला म्हणजे आमच्या घरीं दरवर्षीं एक वाद निघतो. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, नागपुरांतल्या खोल्या दुपारीं भट्टीसारख्या तापूं लागलेल्या असतात, आणि अशा वेळीं चिखलदऱ्यास न जातां चंद्रपूरच्या रानांत जावयाचें हा आमचा हट्ट शेजाऱ्यांना निव्वळ वेडेपणा वाटतो. "ऊन काय घरीं कमी आहे?" असें ते विचारतात, आणि त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. उन्हाळ्यांत चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथें पारा ४६-४७ अंशांवर चढला तरी आतां कोणास नवल वाटत नाहीं. २०१९ च्या मे महिन्यांत तो चंद्रपुरास ४८ अंशांना टेकला होता. परंतु रान पाहावयाचें तर तें याच दिवसांत. पाणवठे आटून थोडे राहतात, झाडोरा विरळ होतो, आणि जनावर पाण्यावर येतें. मुलांना सुट्टीही याच दिवसांत असते. तेव्हां जाणें टळत नाहीं; प्रश्न राहतो तो सकाळची फेरी आटोपल्यावर दुपार कोठें काढावी हा.

गेल्या तीन वर्षांत हा प्रश्न आम्हीं मोटारीला जोडलेल्या छतावर सोंपविला आहे. पहिलें छत घेण्यांत आम्ही चुकलों, दुसरें साधलें. अलीकडे ओळखीच्या कांहीं कुटुंबांनीं चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्या घेतल्या आहेत, आणि "छत कोणतें घ्यावें?" असा निरोप महिन्यांतून एकदां तरी येतो. त्या सर्वांना एकदांच सविस्तर उत्तर द्यावें म्हणून हा लेख.

ज्यांनीं ही वस्तु पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन. गाडीच्या टपावर कॅरिअर बसवितात. त्याच्या डाव्या कडेला एक लांबट पिशवी किंवा पेटी बोल्टांनीं आवळलेली असते. तींत कापडाची गुंडाळी असते व गुंडाळींतच दुमडते दांडे असतात. चेन उघडून कापड बाहेर ओढलें, दांडे जमिनीला टेकविले, कीं गाडीच्या कुशीला दोन मीटर रुंद व अडीच मीटर पुढें आलेलें छत तयार होतें. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका या देशांत, जेथें लोक आठ-आठ दिवस ओसाड मुलखांत मोटारीनें हिंडतात, तेथें हा प्रकार फार रूढ आहे. आमच्या आईनें पहिल्याच दिवशीं त्याचें नांव "पडवी" ठेवलें, आणि घरांत तेंच चालतें.

वस्तु परदेशी म्हणून बिचकण्याचें मात्र कारण नाहीं. चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा चैत्रांत भरते. नांदेडकडून व तेलंगणांतून येणारी मंडळी पूर्वीं बैलगाड्यांनीं येत, आतां टेंपोनें व ट्रकनें येतात. यात्रेंत उतरलेल्या या वाहनांकडे पाहिलें तर फाळक्याला ताडपत्रीची एक कड बांधलेली, दुसरी कड दोन बांबूंवर उचललेली, आणि खालीं चूल, म्हातारीं माणसें व झोपलेलें एखादें मूल, असें दृश्य दिसतें. पडवी ती हीच. फरक इतकाच कीं यात्रेकरूंचे बांबू मनगटाएवढे जाड असतात, ताडपत्री सुतळीनें बांधलेली असते, आणि वारा सुटला कीं ती एका क्षणांत सोडतां येते. दुकानांत मिळणाऱ्या तयार छतांत नेमकी ही शेवटची सोय पुष्कळदां नसते. छत पाहतांना मी आतां प्रथम तीच पाहतों. तिचें कारण पुढें येईल.

त्याआधीं, छत कोठें उघडावें हें सांगितलें पाहिजे. कारण जाहिरातींतलीं चित्रें पाहून भलताच समज होतो. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, अंधारी अभयारण्य १९८६ चें, आणि दोन्हीं मिळून १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तेथें मोहर्ली, कोलारा अशा ठरलेल्या दारांतून, नोंदलेल्या गाडींत, वाटाड्यासह जावयाचें असतें, आणि गाडींतून पाय खालीं टाकावयाचा नसतो. बाहेरच्या राखीव जंगलांतही परवानगीवांचून शिरणें १९२७ च्या वन कायद्यानें गुन्हा आहे. हा नुसता कायद्याचा कीस नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यांत दोनशेंच्या आसपास वाघ आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, गांवशिवारांना लागून राहतात. २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाहीच्या बाजूस तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मेल्या. ज्यांना त्या रानाची पाऊलवाट न् पाऊलवाट ठाऊक, त्यांची ही गत. मग शहरांतून आलेल्या आपल्यासारख्यांनीं झुडपांच्या कडेला सतरंजी पसरून बसावें, हें कितपत शहाणपणाचें?

आम्ही पडवी उघडतों ती ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यांत किंवा घराच्या आवारांत, वनविश्रामगृहाच्या मोकळ्या अंगणांत, किंवा ज्या जागा तळासाठींच राखल्या आहेत तेथें, सर्वत्र विचारून. दिवस मावळला कीं ती गुंडाळतों आणि पक्क्या खोलींत झोंपतों. छताला भिंती नसतात, हें विसरतां कामा नये. रात्रीं शेतांतून हिंडणें दुसऱ्या एका कारणानेंही वाईट: रानडुकरांसाठीं कोणी कोणी कुंपणाच्या तारेंत चोरून वीज सोडतात, आणि तिनें जनावरांप्रमाणें माणसेंही मरतात.

रानांत सावली असेलच, मग छताचें ओझें कशाला, असाही एक प्रश्न येतो. कोंकणांत तो योग्य ठरेल. चंद्रपूरचें रान मुख्यतः सागाचें व बांबूचें आहे, आणि साग उन्हाळ्यांत पानें टाकून खराट्यासारखा उभा राहतो. सावली धरणारीं झाडें म्हणजे जांभूळ, आंबा, वड आणि मोह. त्यांतला मोह आम्ही टाळतों. त्याचीं फुलें मार्च-एप्रिलमध्यें पहांटे गळतात. तीं वेंचावयास गांवची मंडळी अंधारांतच येतात, आणि त्याच गोडीनें अस्वलही येतें. ज्या झाडावर एका घराची वर्षाची कांहीं मिळकत अवलंबून आहे, त्याच्याखालीं मोटार उभी करून चहा उकळणें शिष्टाचाराला धरूनही नाहीं.

आतां उन्हाकडे वळूं. छताखालीं हवेचें तपमान उतरत नाहीं. उतरतो तो उन्हाचा मारा. मे महिन्याच्या दुपारीं दर चौरस मीटरवर सुमारें एक किलोवॅट एवढी सूर्याची उष्णता पडते. पांच चौरस मीटरचें छत म्हणजे डोक्यावरच्या पांच विजेच्या शेगड्या अडविणें होय. परंतु कापड पातळ असेल तर तें स्वतःच तापतें आणि खालीं बसलेल्यांवर तीच उष्णता ओतूं लागतें. आमचें पहिलें छत असेंच होतें: पॉलिएस्टरचें, वरून गर्द रंगाचें, हातांत घेतल्यावर हलकें व सुबक. पहिल्याच दिवशीं दोन वाजतां आई म्हणाली, "सावली आहे खरी, पण तव्याखालची." पूर्वीं मोठे साहेबलोक बैलगाड्यांवर तंबू लादून जिल्ह्यांचे दौरे करीत, तेव्हां त्यांच्या तंबूंना दुहेरी छत असे व दोहोंमध्यें वारा खेळे, त्यांतला हेतु त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आला.

यावर उपाय दोन आहेत. एक, कापडच जाड घ्यावें. सुताचें व पॉलिएस्टरचें मिश्र कॅनव्हास, चौरस मीटरला २८० ते ३०० ग्रॅम वजनाचें, हें उन्हाला फार चांगलें. तें कमी तापतें, वाऱ्यानें फडफडून कान किटवीत नाहीं, आणि भिजलें कीं सूत फुगून विणीचीं छिद्रें बुजतात. दोष असा कीं तें जड असतें, वाळावयास वेळ घेतें, आणि ओलें गुंडाळून ठेविलें तर चार दिवसांत त्यावर बुरशी धरते. पॉलिएस्टर लवकर वाळतें. पण त्याला आंतून जो पाणी अडविणारा लेप असतो तो उष्ण दमट हवेंत ठेवल्यास कांहीं वर्षांनीं चिकट होऊन सुटूं लागतो. दुसरा उपाय स्वस्तांतला. रोपवाटिकेंत व पानतांड्यावर जी हिरवी जाळी लावतात ती छताच्या वर वीतभर अंतर सोडून ताणावी. चंद्रपुरांत अर्ध्याअधिक अंगणांवर उन्हाळ्यांत ही जाळी असतेच. जाळींतून वारा जातो, म्हणून ती छतावर फार भार टाकीत नाहीं.

गाडी कशी उभी करावी याचाही विचार हवा. चंद्रपूर सुमारें २० अक्षांशांवर आहे, त्यामुळें मेच्या तिसऱ्या आठवड्यांत भर दुपारीं सूर्य अगदीं माथ्यावर येतो व गाडीची सावली तिच्याच पोटाखालीं जाते. परंतु दोननंतर ऊन पश्चिमेकडून तिरपें येऊं लागतें. छत डाव्या अंगाला असेल तर दुपारीं गाडीचें तोंड दक्षिणेस करावें; म्हणजे पडवी पूर्वेस येते आणि गाडी स्वतःच पश्चिमेची भिंत होते. चार वाजण्याच्या सुमारास पावणेदोन-दोन मीटर उंच गाडीची सावली अडीच मीटरपर्यंत पडते, छताइतकीच. पश्चिमेच्या झळाही गाडीनेंच अडतात. ही गोष्ट कोणत्याही विक्रेत्यानें आम्हांस सांगितली नाहीं; मुलांनीं शाळेंतल्या भूगोलावरून काढली.

छताला बाजूस अडकवितां येणारी कनात मिळते. ती जरूर घ्यावी, किंवा ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घ्यावी. आमची अशीच शिवून घेतलेली आहे. हवा कोरडी असतांना कनातीऐवजीं एक जुनें सुती लुगडें भिजवून टांगलें तर वाळ्याच्या पडद्याचें काम करतें. आईला त्रास होतो तो उन्हापेक्षां झळांचा. या ओल्या पडद्याआड ती दोन तास निवांत वाचीत बसते.

पहिलें छत आम्हीं का टाकलें, तें आतां सांगतों. एप्रिलच्या अखेरीस मूलच्या बाजूला एका स्नेह्याच्या शेतावर आम्ही दुपारीं उतरलों होतों. आई, आमच्या सौभाग्यवती, दोन मुलें व अकरा वर्षांचा पुतण्या. पडवीचे दोन्ही दांडे टेकविले होते, तणावे होते पण दोनच, आणि मेखा म्हणजे बोटभर लांबीच्या बारीक तारा. जमीन मुरमाड. मीं मेखा बुटानें दाबल्या व काम झालें असें समजलों. साडेतीनच्या सुमारास शेतकरी घराकडून घाईनें आला. "भाऊ, आभाळ पाहा. वारा येऊन राहिला. कापड उतरवा आधीं." पश्चिमेस काळसर धुळीची एक कड दिसत होती, पण आमच्याकडे पान हलत नव्हतें. मीं म्हटलें, "चहा होऊं द्या, मग उतरवूं."

चहा झालाच नाहीं. वारा आला तो खालून शिरला. मेखा एकामागून एक उपसल्या, छत पतंगासारखें वर उचललें गेलें, आणि मोकळा झालेला दांडा गरकन् फिरून पुतण्याच्या भुवईवर बसला. दोन बोटें खालीं बसता तर डोळा गेला असता. कापड उलटून टपावर आदळलें, कॅरिअरचा कोन वाकला, आणि सारें ओढून दोरीनें बांधीपर्यंत गारांचा पाऊस सुरू झाला. मुलाला मूलच्या दवाखान्यांत नेऊन चार टांके घातले. जखम भरली, व्रण आहे. मुलाची आई, म्हणजे आमची वहिनी, मला आजतागायत एका शब्दानें बोलली नाहीं, आणि तेंच मला अधिक लागतें.

घरीं आल्यावर मीं हिशेब मांडला. ताशीं ४० किलोमीटर वेगाचा वारा आडव्या फळीवर दर चौरस मीटरला सुमारें पावणेआठ किलो भार टाकतो. वेग दीडपट झाला तर भार सव्वादोनपट होतो, म्हणजे ६० किलोमीटरला साडेसतरा किलोच्या आसपास. छत आडवें असल्यानें नेहमीं हा सारा भार त्यावर येत नाहीं. पण वारा खालून शिरून कापड एकदां फुगलें कीं पांच चौरस मीटरवर ८५ किलोंपर्यंत ओढ बसूं शकते. म्हणजे एक धडधाकट माणूस दोरीला लोंबकळल्यासारखें. वळवाच्या वावटळींत ६० चा वेग कांहीं फार मोठा नाहीं. बोटभर तारेनें हें पेलावें अशी अपेक्षा मीं केली होती.

म्हणून दुसरें छत घेतांना आम्हीं चार गोष्टींचा आग्रह धरला. दांडे जाड अ‍ॅल्युमिनियमचे, आणि त्यांचें आवळण्याचें कुलूप धातूचें हवें. प्लास्टिकचें कुलूप दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतें. तणाव्यांसाठीं कडा चारपेक्षां कमी नकोत. मेखा तंबूवाल्याकडच्या, हातभर लांब, लोखंडी. त्या मोगरीनें तिरप्या, छताच्या उलट बाजूस डोकें झुकवून ठोकावयाच्या. आणि दोन माणसांनीं पांच मिनिटांत सारें गुंडाळतां आलें पाहिजे. पावसासाठीं एक कोपरा नेहमीं हातभर खालीं ठेवावा, नाहीं तर कापडाला झोळ पडून पाणी साचतें: एक चौरस मीटरचा झोळ बोटभर खोल भरला तरी पंधरा-वीस किलो झाले. पाणी किती अडतें याचे आंकडे विक्रेते मिलिमीटरांत सांगतात, १५००, २०००, ३०००. शिवणी आंतून पट्टी लावून बंद केल्या नसतील तर हे आंकडे व्यर्थ. गळतें तें शिवणींतूनच.

आकाराविषयीं आमच्यांत मतभेद झाला. हल्लीं पंख्यासारखें उघडणारें छत निघालें आहे. तें गाडीच्या मागच्या कोपऱ्याभोंवतीं पाऊण वर्तुळ फिरतें, मागचें दारही झांकतें, आणि दिसावयास मोठें देखणें. मुलांना तेंच हवें होतें. पण त्याचें वजन २० ते ३० किलो, किंमत साध्याच्या तिप्पट-चौपट, आणि कापडाचा विस्तार दुप्पट म्हणजे वाऱ्याची ओढही दुप्पट. साधें छत १० ते १५ किलोंत बसतें. टपावर किती भार चालेल तें गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें; पुष्कळ गाड्यांना तें ५० ते ७५ किलो असतें, कांहींना त्याहूनही कमी, आणि कॅरिअरचें वजन त्यांतच धरावयाचें असतें. आलापल्लीपुढच्या कच्च्या रस्त्यावर हा आंकडाही दोनतृतीयांशच समजावा. कापडी टपाच्या गाडींवर छत बसवावयाचें तर आधीं चौकटीला धरणारें वेगळें कॅरिअर लागतें, आणि तें गाडीच्या नोंदलेल्या मापांत बसतें कीं नाहीं हें परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडींत मनमानी फेरफार करतां येत नाहींत. शेवटीं साधें छतच घेतलें. मुलें दोन दिवस रुसलीं.

पिशवीविषयीं एक सूचना. रानवाटांवर बांबू दोन्हीं बाजूंनीं वाकलेला असतो आणि त्याचीं टोकें डाव्या कुशीला सतत घासतात. आमची पहिली पिशवी एका फेरींतच फाटली, आणि चेनेंत धूळ बसून ती अडकली. जाड पिशवी घ्यावी, चेनेला मेण लावावें, व दर शंभर किलोमीटरला बोल्ट हातानें हलवून पाहावेत.

स्वयंपाकाचें म्हणाल तर छताखालीं करूं नये. पॉलिएस्टर पेटलें तर वितळून जळते थेंब गळतात. शिवाय उन्हाळ्यांत वाळलेल्या पानांचा थर सर्वत्र असतो, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत वणव्याचे दिवस. आम्ही घरून दशम्या, मेतकूट-दही व कैरीचें पन्हें नेतों आणि चहाचा थर्मास भरून घेतों. त्या वावटळीनंतर चहा उघड्यावर करण्याची हौसही राहिलेली नाहीं.

गडचिरोलीची गोष्ट निराळी. हा जिल्हा १९८२ सालीं चंद्रपुरांतून वेगळा झाला. त्याची सुमारें सत्तर टक्के भूमि वनाखालीं आहे. नक्षलवादी चळवळीमुळें कित्येक दशकें तिकडे सहलीस जाण्याचें कोणाच्या मनांतही येत नसे. आतां हिंसाचार पुष्कळ ओसरला आहे आणि रस्ते झाले आहेत. तरी आडमार्गाला जावयाचें तर पोलीस ठाण्यांत आगाऊ सांगावें. आम्ही डिसेंबरांत गेलों. आलापल्लीवरून साठ-पासष्ट किलोमीटरवर हेमलकसा, जेथें १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचें काम चाललें आहे, आणि पलीकडे भामरागड, जेथें इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्या मिळतात. त्या संगमावर तिन्हीसांजेला उभें राहिलें म्हणजे बोलावेंसें वाटत नाहीं.

या बाजूला परवानगी मागावयाची ती केवळ वनखात्याची नव्हे. धानोरा तालुक्यांतल्या मेंढा (लेखा) गांवाला २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतल्या पहिल्या गांवांत तें मोडतें. त्यानंतर जिल्ह्यांतल्या शेंकडों ग्रामसभांना असे हक्क मिळाले आहेत. म्हणजे जें आपल्याला ओसाड रान दिसतें त्याला धनी आहे. आम्हीं एका गांवीं विचारलें, तेव्हां दोन वृद्धांनीं आम्हांस शाळेजवळची सपाट जागा दाखविली आणि कोणत्या वाटेनें जाऊं नये तेंही सांगितलें. २०२१ पासून छत्तीसगडकडून रानटी हत्ती जिल्ह्यांत येऊं लागले आहेत. धान, मोहफुलें यांच्या वासानें ते घराशीं येतात. आम्ही पोहे व गूळ सुद्धां डब्यांत घालून गाडींत ठेवीत असूं.

हिवाळ्यांत तेथें छताचें काम उन्हाऐवजीं दंव व डांस अडविण्याचें. हिंवतापानें पिडलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली अग्रभागीं आहे, आणि तेथला ताप मेंदूपर्यंत जाणाराही असतो. पडवीला चारी बाजूंनीं लावावयाची जाळीची खोली मिळते. ती चंद्रपुरास उन्हाळ्यांत निरुपयोगी, पण येथें तिच्यावांचून सायंकाळीं पांच मिनिटें बसूं नये. जाळी जमिनीवर वीतभर लोळेल एवढी लांब हवी. आमची अपुरी पडली, मग सौभाग्यवतींनीं खालीं साडीची कड जोडून ती वाढविली.

नदीच्या वाळवंटाचा मोह सर्वांनाच होतो. वाळू स्वच्छ, सपाट, व झुडपांपासून दूर. पण वैनगंगेवर वरच्या अंगाला गोसीखुर्दचें धरण आहे. तेथून पाणी सोडलें कीं खालीं आभाळ निरभ्र असतांनाही नदी चढते. आम्ही काठावरच थांबतों. वाळूसारख्या भुसभुशीत जागीं मेख धरीत नाहीं, तेव्हां हातभर लांबीची काठी तणाव्याच्या टोकाला मध्यावर बांधून ढोपरभर खोल आडवी पुरावी व वरून माती तुडवावी. ही युक्ति आम्हांस त्या शाळेजवळच्या वृद्धांनींच शिकविली. बांबूचा एक तुकडाही त्यांनींच तोडून दिला.

छत विकत घेण्यापूर्वीं दुकानांत तें स्वतःच्या हातांनीं उघडून गुंडाळून पाहावें. विक्रेता "मी दाखवितों" म्हणेल. त्याला बसावयास सांगावें, कारण वाऱ्यांत तो आपल्याबरोबर नसतो. आम्हीं दुसरें छत घेतलें त्या दिवशीं आई दुकानांत खुर्चीवर घड्याळ घेऊन बसली होती. पहिल्या वेळेस आम्हां दोघांना नऊ मिनिटें लागलीं, चौथ्या वेळेस सव्वाचार. दुकानदार कंटाळून गेला. आई म्हणाली, "आणखी एकदां करा. आतां मुलांना करूं द्या."